पाडव्याला घ्यायचं ठरलेलं नाव

२ मे, शनिवार. आज मुदत संपत आलेली नावं निस्तरायला बसले. कुठली ठेवायची, कुठली सोडून द्यायची. दर वर्षी हे काम लांबवते आणि दर वर्षी एखादं नाव उगाच आणखी एक वर्ष पदरात पडतं.

वेबसाइटला जो पत्ता असतो, नावापुढे डॉट कॉम लावलेला, त्याला डोमेन म्हणतात. तो कायमचा विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळतो. भाडं भरलं तर तुमचा. नाही भरलं तर काही आठवडे वाट बघून सुटतो, आणि मग जो आधी हात घालेल त्याचा. असे पत्ते आधीच घेऊन ठेवायचे आणि ज्याला गरज पडेल त्याला विकायचे, हा उद्योग मी काही वर्षं केला. घरी बसून दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करते, त्याच्या जोडीला. आता तो आवरत आणलाय.

नावं तपासताना ईमेलमध्ये एक सूचना दिसली. मी नजर ठेवायला लावलेलं एक नाव सुटलंय, कोणीही घेऊ शकतं. ते नाव माझं कधीच नव्हतं. पण माझंच होतं असं समजून एक बाई या जगातून गेली असावी, असं मला गेले सहा महिने वाटत होतं.

सुरुवातीपासून सांगते.

या धंद्यात मी ठरवून आले नाही. नालासोपाऱ्यातल्या एका केटररचे हिशेब माझ्याकडे होते. त्यांची वेबसाइट ज्याने केली तो माणूस काम सोडून गेला आणि पत्त्याचं भाडं कोणी भरलंच नाही. पत्ता सुटला आणि परदेशातल्या कुणीतरी उचलला. केटरर माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही सरकारी फॉर्म भरता, हेही बघा ना." त्यांच्या लेखी कॉम्प्युटरवरचं सगळंच सरकारी. मी त्या अनोळखी मालकाशी ईमेलवर घासाघीस केली आणि नाव परत मिळवून दिलं. त्या घासाघिशीत मला मजा आली, हे खरं कारण. नंतर वाचत गेले आणि स्वतःसाठी घ्यायला लागले.

पहिली खरेदी मूर्खासारखी होती. राजोडीला समुद्रकिनारी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी घरोघरी खोल्या निघायला लागल्या होत्या. मी "राजोडी" घालून, "बीच" घालून, "स्टे" घालून अशी बरीच नावं घेऊन ठेवली. मग एका खोलीवाल्यांकडे गेले, फार मोठी सोय करून देतेय अशा थाटात. ते अंगणात जाळं विणत बसले होते. सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "ताई, माझं गिऱ्हाईक रस्त्यावरनं चुकत चुकत येतं. चुकायला त्याला डॉट कॉम कशाला लागतंय?" त्यातलं एकही नाव विकलं गेलं नाही. नुसतं गावाचं नाव घातलं म्हणजे गावातल्या माणसाला ते हवंच असेल असं नाही, हे तेव्हा कळलं.

हळूहळू नियम कळले. नाव लहान हवं. फोनवर एकदा सांगितलं की ऐकणाऱ्याला नीट लिहिता यायला हवं. दुसऱ्याच्या चालत्या धंद्याच्या नावाला हात लावायचा नाही, ती चोरी आहे आणि वकिलाची नोटीस येते. नाव घेतलं की विक्रीचं पान लावायचं, कोणी तो पत्ता टाकला तर "हे नाव विकणे आहे" असं दिसायला हवं. मालक म्हणून आपलं नाव-पत्ता झाकून ठेवता येतो, तो झाकायचा, नाहीतर दिवसभर फालतू फोन येतात. आणि सगळ्यात आधीचा नियम : नाव सुचलं की घेऊन टाकायचं. घेण्याआधी कुणासमोर उच्चारायचं नाही.

हा नियम मी कधी मोडला नव्हता. मोडला तो एकदाच, आणि टाळ्या घेऊन.

माझी एक मैत्रीण वसईतल्या होळी गावची. तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या वाडी आहे : केळी, अळू, पालेभाजी, थोडा मोगरा. आठवड्यातून दोनदा ती स्कूटरवरून आमच्या सोसायटीत भाजी घेऊन यायची. भाजी देता देता ओळख झाली, मग चहा, मग ती निघताना जिन्यातच अर्धा तास. माझ्याहून लहान, बी.कॉम. झालेली, हिशेबात माझ्यापेक्षा तल्लख. आणि तिच्या घरची सुकेळी! पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज उलटायची, मधासारखी तपकिरी झाली की केळीच्या वाळल्या सोपटात बांधायची. वसईबाहेर फार लोकांना माहीत नाही, आणि वसईतही आता मोजकीच घरं करतात. तिच्या घरात ते काम सासूबाईंचं. मी त्यांना काकी म्हणायचे.

मैत्रिणीला सुकेळी नीट पाकिटात घालून, नावानिशी विकायची होती. मुंबई-पुण्याला पाठवायची होती. वेबसाइट हवी होती. तिचा नवरा याच्या विरुद्ध नव्हता, पण बाजूनेही नव्हता, तो म्हणायचा, "केळं वाळवून काय आयफोन होणार आहे?" काकींना मात्र हुरूप आला होता. नाव त्यांनीच दिलं. त्यांची आई सुकेळीला लाडाने जो शब्द वापरायची तो, आणि पुढे "वाडी". तो शब्द आता त्या घरातही फक्त काकीच बोलायच्या. लहान, सोपा, कानाला गोड. मी ऐकलं आणि तिथल्या तिथे पाहिलं. पत्ता मोकळा होता.

"आत्ता घेऊन टाकते," मी म्हटलं.

"आता पौष हाय," काकी म्हणाल्या. "पौषात नवीन काय घ्येतात काय? पाडव्याला घेऊ."

"काकी, ही काय गाडी आहे का?"

"मग काय हाय?"

मग मी त्यांना ओटीवर बसून लॅपटॉपवर सगळं दाखवलं. माझी नावं, त्यांची विक्रीची पानं, निळी पट्टी, मध्ये मोठ्या अक्षरात नाव, खाली "हे नाव विकणे आहे". मालकाचं नाव कसं झाकतात तेही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"म्हंजे मालक कोन ते कोनाला दिसायचंच नाय? ह्याला सातबारा नाय?"

"आहे, पण झाकलेला."

"झाकलेला सातबारा म्हंजे भानगड," काकी म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. मला शिकवायला फार आवडतं. त्या दिवशी मी जे जे शिकवलं, ते सगळं पुढे माझ्याच विरुद्ध गेलं.

मी पुन्हा एकदा मैत्रिणीला बाजूला घेऊन म्हटलं, की मी गुपचूप घेऊन ठेवते, पाडव्याला तुझ्या नावावर करू. ती म्हणाली, "नको गं. त्यांना कळलं तर वाईट वाटेल. त्यांनी पहिल्यांदा कशात तरी रस घेतलाय." मलाही ते पटलं. घर त्यांचं, नाव त्यांचं, मुहूर्त त्यांचा. मी कोण मध्ये पडणारी? इतर कुणाच्या बाबतीत मी ऐकलं नसतं. तिथे ऐकलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सुकेळीची पाकिटंच द्यायची ठरली. लेबलं छापून आली होती, खाली वेबसाइटचा पत्ताही होता, कारण पाडव्यानंतर पुन्हा छापायचा खर्च नको. अंगणात मांडव घातलेला, आळीतल्या बायका, माहेरवाशिणी, आमच्या सोसायटीतल्याही पाच-सहा. आणि काकींनी एक गंमत काढली. पितळी परातीत झबलं अंथरून त्यावर पहिलं पाकीट निजवलं आणि म्हणाल्या, "ह्याचं बारसं करायचं!" बायका खिदळल्या. आत्या कोण? बाळाचं नाव कानात सांगते ती आत्या. मला पुढे ढकललं.

मी खाली वाकले, पाकिटाला "कुर्र" केलं. पाठीवर दणादण धपाटे बसले, बारशाला बसतात तसे. कोणीतरी ओरडलं, "अगो आत्ये, आम्हाला पन सांग की!" आणि मी उभी राहून ते नाव मोठ्याने सांगितलं. डॉट कॉमसकट सांगितलं. टाळ्या पडल्या. निदान दहा फोन वर झाले असतील. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ किती ग्रुपवर गेला, देव जाणे.

घरी येऊन लॅपटॉप उघडला होता मी. नाव मोकळं होतं. बोट तिथपर्यंत गेलं होतं. काकींचा चेहरा आठवला आणि बंद केला. जगात सुकेळीचं नाव कोण घेणार, असंही मनाशी म्हटलं. जी बाई दुसऱ्यांना सांगते की कोणतंही नाव कोणीही घेऊ शकतो, तिने.

पौष संपला तेव्हाही घेता आलं असतं. पण एवढे थांबलोच आहोत तर पाडवाच गाठू, असं काकींचं म्हणणं पडलं. त्या मधल्या दिवसांत मी नाव पुन्हा तपासलं नाही. सारखं शोधलं की कुणाच्या तरी नजरेत येतं, असं या धंद्यात बोलतात. खरं-खोटं माहीत नाही. पण तेवढी एक खबरदारी मी घेतली, बाकी सगळ्या वाऱ्यावर सोडून.

पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाल्यावर ओटीवर पाट मांडून त्यावर लॅपटॉप ठेवला. काकींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, कडुलिंबाची डहाळी टेकवली. मैत्रिणीचा नवरासुद्धा नवीन शर्ट घालून मागे उभा होता. मी नाव टाकलं.

ते गेलेलं होतं. काही आठवड्यांपूर्वीच कुणीतरी घेतलं होतं. मालकाचं नाव झाकलेलं.

मला वाटलं, टाइप करताना चुकलं. पुन्हा टाकलं. मग तो पत्ताच उघडला. निळी पट्टी, मध्ये मोठ्या अक्षरात काकींच्या आईचा शब्द, खाली "हे नाव विकणे आहे". मी ज्या ऑनलाइन बाजारात नावं लावते तोच बाजार होता. हजारो लोक तिथे नावं लावतात आणि सगळ्यांना हेच पान मिळतं. पण हे मला माहीत. ओटीवर बसलेल्यांनी असं पान आयुष्यात आधी एकदाच पाहिलं होतं, आणि ते माझं.

काकी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "असंच पान तू दाखवलेलंस ना गो? तुझ्या नावांचं?"

"तसंच दिसतं काकी, पण हे माझं नाही."

"मग कोनाचं?"

"ते झाकलेलं आहे."

मैत्रीण गुढीकडे बघत होती. मी भराभरा समजावून सांगायला लागले : व्हिडिओ, ग्रुप, दिवसभर अशी नावं हुडकणारे लोक. जितकं समजावत गेले तितकी मी त्या धंद्यातली मुरलेली दिसत गेले असणार.

घरी येऊन त्या मालकाला ईमेल केला, भाव विचारला. त्याने जो सांगितला तो त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. तरी मी मैत्रिणीला फोन करून म्हटलं, मी खटपट करते, कमी करून घेते, वेळ पडली तर माझ्याकडचे घालते. फोन नवऱ्याने घेतला. "ताई, तुम्ही घालणार, तुम्हीच घेणार. या खिशातनं त्या खिशात. आम्ही मध्ये कशाला?" मागून मैत्रिणीचा आवाज आला, "अहो, असं काय बोलता!" पण तिने फोन त्याच्या हातातून घेतला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की यातून वाट नाही. नाव परत आणलं नाही, तर मी ते दाबून बसले. आणलं, तर माझ्याकडेच होतं हे सिद्ध झालं. घासाघीस करून नाव सोडवून आणणं हे एकच काम मला चांगलं येत होतं, आणि तेच करता येईना.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. लेबलांवरच्या पत्त्यावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. मुंबईच्या एक-दोन गिऱ्हाइकांनी पट्टी खरवडून पत्ता उघडला आणि "तुम्ही धंदा विकायला काढला का?" असं विचारलं, हे मला सोसायटीतल्या बाईंकडून कळलं. वेबसाइटचा विषय बारगळला. मैत्रीण भाजी घेऊन यायची, पण वर यायची नाही. "घाई आहे गं," म्हणायची. मग होळीहून दुसरीच बाई यायला लागली. मी तिकडे गेले नाही. मी काही केलंच नव्हतं तर मी का जाऊ, असा माझा ताठा. आणि गेले तर काय सांगू, हाही प्रश्न होताच. धंद्यातही मन राहिलं नाही. विक्रीचं पान लावताना ती निळी पट्टी दिसायची आणि हात थांबायचा.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर काकी गेल्या. मी भेटायला गेले. आतल्या खोलीत बायकांत बसले. मैत्रिणीने पाणी दिलं, मी घेतलं. तिथे कसला खुलासा करणार? उठून आले. चुकून सांडलेलं दूध पुसता येतं, चुकीचं बिल दुरुस्त होतं. मी आयुष्यभर दुरुस्त्याच करत आलेय. ही राहून गेली. पौष संपल्यावर एकदा तोंड वर करून "काकी, आज घेऊ, पाडव्याला पूजा करू" एवढं मी म्हटलं असतं, तर त्यांनी ऐकलंही असतं. त्या हट्टी नव्हत्या. मीच त्यांना हट्टी धरून चालले.

तर आज ती सूचना आली. ज्याने ते नाव घेतलं होतं त्याच्याकडून ते विकलं गेलं नाही. घेणार कोण? तो शब्द ज्यांच्या ओळखीचा, ते तर घरात बसलेले. त्याने भाडं भरणं सोडलं आणि नाव सुटलं. मी ते घेतलं नाही. मैत्रिणीला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं.

"बोल," ती म्हणाली.

"कामात आहेस?"

"केळी उलटतेय. बोल तू."

"ते नाव सुटलंय. आता कोणाचंच नाही. तू घे. तुझ्या फोनवरून, तुझ्या कार्डाने. मी हात लावत नाही, नुसतं सांगते कसं ते."

ती म्हणाली, "आता नको गं. लोक व्हॉट्सअॅपवर मागवतात, चाललंय. आणि ते नाव त्यांचं होतं. घरात तो शब्द बोलणारं कोण राहिलंय आता?"

"तरीपण. दुसऱ्या कोणी उचललं तर?"

"उचलू दे." मग म्हणाली, "एक सांगू? त्या पडून होत्या ना, शेवटी शेवटी, तेव्हा एकदा विचारलं त्यांनी. म्हणाल्या, तिनं नव्हतं ना गो घेतलं? मी म्हटलं, नव्हतं."

मी म्हटलं, "तुला खात्री होती?"

"नव्हती," ती म्हणाली. "पण म्हटलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? म्हणाल्या, मग ठीक हाय. आणि झोपल्या." मग म्हणाली, "चल, ऊन आहे तोवर उरकते."

आता खात्री आहे का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. मला इतके दिवस वाटत होतं, की काकींचा गैरसमज दूर करायचा राहिला. तो मैत्रिणीने माझ्यासाठी दूर केला होता, स्वतःचा तसाच ठेवून. आणि मी इकडे ताठ बसून होते, मला कोणी येऊन काही विचारत का नाही म्हणून.

३ मे, रविवार. सकाळी लॅपटॉप उघडलाच नाही. आवरून, न कळवता, रिक्षाने होळीला गेले. मैत्रीण अंगणात केळी सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "अगं, फोन तरी करायचास. घरात पसारा आहे." मी म्हटलं, असू दे. मोरीवर हात धुतले आणि तिच्यासमोर बसून एक केळं उचललं.

"शिरा नीट काढ," ती म्हणाली. "राहिल्या की काळं पडतं."

मी काढल्या.